शाळा उघडण्याआधी

(मंडळातर्फे मे महिन्याच्या अखेरीस शिक्षक व पालकांसाठी झालेल्या कार्यक्रमात बडोद्याच्या मराठी प्राथमिक शाळांतून निवृत्त झालेल्या शिक्षिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



माईकसमोर एकीलाच उभं केलंय, पण हे बोलणं आम्हा चौघींचं आहे. काल संध्याकाळी आम्ही एकत्र बसून ते लिहून काढलं. लिहिताना थोडं भांडणही झालं. ते कशावरून झालं ते पुढे येईलच.

विषय दिलाय ‘नव्या शैक्षणिक वर्षाची तयारी’. तयारी म्हटलं की आम्हाला सुट्टीचा शेवटचा आठवडा आठवतो. पस्तीस दिवसांची सुट्टी, त्यातले तीस दिवस लग्नं, लोणची आणि पुण्या-नाशिकची माहेरं यात जायचे. मग एकदम जाग यायची. हजेरीपत्रकावर तांबड्या शाईने रेघा मारायच्या, वार्षिक नियोजन लिहायचं, कार्डशीटवर बाराखडी काढायची, वर्गात पताका लावायच्या. हे सगळं आम्ही फार मन लावून करायचो. साहेब तपासायला आले की नियोजनाची वही बघून खूष व्हायचे. पण आता मागे वळून बघताना वाटतं, ती तयारी बऱ्याच अंशी साहेबांसाठी होती. ज्यांच्यासाठी शाळा उघडते त्यांच्याबद्दल आम्हाला पहिल्या दिवशी काय ठाऊक असायचं? नाव, जन्मतारीख आणि वडिलांचा व्यवसाय.

याचा फटका कसा बसतो ते सांगतो. गोष्ट आमच्यातल्या एकीच्या वर्गातली आहे. कोणाच्या ते सांगणार नाही, कारण मधल्या सुट्टीत ती ऐकून बाकीच्या तिघीही हसल्या होत्या.

तिसरीच्या वर्गात जूनमध्ये एक नवा मुलगा आला. घर मराठी, आडनाव आपलंच, पण राहायला प्रतापनगरकडे, आणि आजूबाजूला सगळी गुजराती वस्ती. आधीची दोन वर्षं गुजराती शाळेत काढलेली. आजीचा हट्ट होता की नातवाला मराठी लिहिता-वाचता यावं, म्हणून त्याला आमच्याकडे घातलं. पहिल्याच दिवशी बाईंनी उजळणी म्हणून फळ्यावर हातच्याची बेरीज दिली. मुलाने ती केली, बाईंच्या टेबलापाशी आला, उत्तर चुकलंय हे बघितलं आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “बाई, माझा दाखला खोटा पडला.”

तुम्ही हसलात. तुम्ही बडोदेकर आहात, तुम्हाला कळलं. गुजरातीत गणिताला दाखलो म्हणतात आणि गणित चुकलं की दाखलो खोटो पडतो. मुलाचं वाक्य चोख होतं, फक्त ते दुसऱ्या भाषेतलं होतं. बाई म्हणाल्या, “अरे, दाखला खोटा असेल तर तुला शाळेत घेतलं कसं?” सगळा वर्ग हसला. मुलगाही हसला, असं तेव्हा वाटलं होतं.

त्यानंतर तो वर्गात बोलेनासा झाला. विचारलं तर मान हलवायचा. वहीत उत्तरं बरोबर असायची, पण तोंडाने एक शब्द नाही. आम्हाला वाटलं, स्वभाव असेल. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याचे वडील शाळेत आले आणि दाखला घेऊन गेले. कारण सांगितलं, घर बदलतोय. तेही खरं असेल. पण वर्षभराने खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना त्याची आई भेटली. म्हणाली, “बाई, तो आता आजीशीसुद्धा गुजरातीतच बोलतो. मला मराठी येत नाही म्हणतो.” त्या बाईने आम्हाला दोष दिला नाही, कारण तिला दाखल्याची ती गोष्ट माहीतच नव्हती. आम्हाला माहीत होती.

ही गोष्ट इतक्या वर्षांनी चारचौघांत सांगायचं कारण असं, की ती एका विनोदाने घडली. छडीने नाही, रागावून नाही. आणि ती टाळायला पाच मिनिटांची तयारी पुरली असती: मूल कुठल्या भाषेत गणित शिकून आलंय हे आधी विचारलं असतं, एवढंच.

पुढच्या वर्षीपासून आम्ही हजेरीपत्रकाशिवाय एक साधी शंभरपानी वही केली. एका मुलाला एक पान. शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात रोज संध्याकाळी दोन-तीन घरी जायचं. दांडिया बाजार, वाडी, बाबाजीपुरा इथली घरं चालत होण्यासारखी होती. आता मुलं मांजलपूरपासून कुठून कुठून येतात, तेव्हा फोन करा; पण शक्य असेल तर जाच. घरी गेलं की न विचारता कळतं. आजी घरात आहे का, टीव्हीवर काय लागलंय, आई मुलाला हाक कशी मारते. आणि एक प्रश्न आम्ही प्रत्येक घरी विचारायचो: “हा भावंडांशी भांडतो कोणत्या भाषेत?” ‘घरी कोणती भाषा बोलता’ असं विचारलं की सगळे ‘मराठीच’ म्हणतात, शिक्षिका दारात आल्यावर आणखी काय म्हणणार! भांडणाचं विचारलं की खरं उत्तर येतं.

त्या वहीत दोन-चार वर्षांत जे जमा झालं त्यातलं थोडं इथल्या तरुण शिक्षकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. मूल ‘मी जमून आलो’ म्हणालं तर ते जेवून आलंय. ‘रमायला जाऊ का’ म्हणालं तर त्याला खेळायला जायचंय. ‘एक वात सांगू?’ म्हणालं तर ते समईबद्दल बोलत नाहीये. तुम्हाला ‘बेन’ म्हणालं तर लगेच ‘बाई म्हण’ असं दरडावू नका. त्याच्या सोसायटीत बाई म्हणजे भांडी घासायला येते ती. तुम्हाला तसं म्हणायला त्याला लाज वाटते, म्हणजे खरं तर ते तुम्हाला मान देत असतं. आठ दिवसांत आपोआप बाई म्हणायला लागतं.

लिहिण्यातही तसंच. गुजरातीला शिरोरेघ नाही. म्हणून तिकडून आलेलं मूल मराठी लिहिताना वरची रेघ देत नाही, किंवा सगळ्या ओळीवर एकच लांबलचक रेघ ओढतं आणि शब्द कुठे संपला ते कळत नाही. हा आळस नव्हे. अ, इ, ख, च, ज, झ, फ, ब, भ या अक्षरांची वळणं दोन्ही लिप्यांत निराळी आहेत. पहिल्या महिन्यात तेवढीच वेगळी काढून गिरवायला द्या, बाकीची फारशी अडत नाहीत. गुजराती पाचाचा आकडा तर आपल्या प-सारखा दिसतो, फक्त डोक्यावर रेघ नाही. पहाडा लिहिताना मधेच प आला तर हसू नका. पहाडा नव्हे, पाढा. बघा, आमच्याही तोंडात काय काय बसलंय!

आणि जे सोपं आहे तेही टिपून ठेवा, कारण आपण फक्त चुका टिपतो. गुजराती बोलणाऱ्या मुलाला ळ येतो. त्याला तीन लिंगं येतात. घर, पुस्तक, पाणी हे तिन्ही शब्द गुजरातीतही नपुंसकलिंगी आहेत, त्यामुळे ‘माझं घर’ त्याला शिकवावं लागत नाही. हिंदी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला नेमकं हेच जड जातं. हिंदीत नपुंसकलिंगच नाही, म्हणून ते ‘माझा घर’ आणि ‘माझी पुस्तक’ म्हणतं. उलट लिपी मात्र त्याला आयती आलेली असते. चमच्यातला च आणि चहातला च वेगळे, हे दोघांनाही कानाने शिकावं लागतं. तेव्हा एकाच बाकावरच्या दोन मुलांची अडचण निराळी असते, आणि एकाला जे येतं ते दुसऱ्याला शिकवता येतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोणाशेजारी कोण बसवायचं हे आम्ही उंचीवरून ठरवायचो. पुढे पुढे या वहीवरून ठरवायला लागलो.

आता भांडणाचं. आमच्यातल्या दोघींचं म्हणणं, चूक पहिल्या दिवसापासून सुधारलीच पाहिजे, नाहीतर ती बसते. दोघींचं म्हणणं, पहिला महिना सुधारायचंच नाही, नुसतं ऐकायचं. काल रात्री नऊपर्यंत हे मिटलं नाही. शेवटी ज्यावर चौघींचं एकमत झालं ते असं: मूल ‘दाखला खोटा पडला’ म्हणालं, की आपण म्हणायचं, “गणित चुकलं का? आण बघू.” त्याच्या वाक्याला हात लावायचा नाही, पण आपलं वाक्य त्याच्या कानावर पडू द्यायचं. दहा वेळा पडलं की अकराव्या वेळी ते स्वतः म्हणतं. व्याकरणाच्या वह्या श्रावणानंतर काढल्या तरी चालतात.

नियोजनाच्या वहीबद्दल मघाशी जरा वाकडं बोललो, ते थोडं सरळ करतो. नियोजन लागतंच. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात किमान दोनशे दिवस शाळा भरली पाहिजे असं सांगितलंय, सहावी ते आठवीला २२०. दोनशे हा आकडा मोठा वाटतो. पण बडोद्यात पाऊस काय करतो ते तुम्ही बघितलंय. ३१ जुलै २०१९ चा दिवस कोण विसरेल? आणि ऑगस्ट २०२४ मध्ये गणपती आठ-दहा दिवसांवर आले असताना विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा शाळा कुठली आणि धडे कुठले. म्हणून आम्ही सांगतो की नियोजन करताना जुलै-ऑगस्टमधले दहा दिवस कोरे सोडा. पाऊस आला नाही तर त्या दिवसांत उजळणी होईल. आणि वर्गातल्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा ठेवा. हजेरीपत्रकं, मुलांच्या वह्या, चित्रं वरच्या कप्प्यात. हे शहाणपण आम्हाला भिजलेली बालभारती पंख्याखाली वाळवताना आलं.

वर्ग आधी एकदा दुपारी जाऊन बघा, आणि मुलाच्या बाकावर बसून बघा. आपण कायम फळ्यापाशी उभे राहतो, त्यामुळे शेवटच्या बाकावरून फळा चकाकतो हे आपल्याला कळत नाही. जूनमध्ये ढग आले की वर्ग अंधारतो. दिवा आहे का, लागतो का? संडासाच्या दाराची कडी पहिलीच्या मुलाचा हात पोचेल एवढ्या खाली आहे का? आमच्या शाळेत एक चिमुरडी पाणीच पीत नसे. का, तर कडी लागत नाही म्हणून. हे कळायला आम्हाला सप्टेंबर उजाडला.

गेल्या वर्षीच्या वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका मिळाल्या तर मागून घ्या. निकालपत्रक नको, उत्तरपत्रिकाच. साठ गुण म्हणजे काय ते कळत नाही. पण वजाबाकीत दरवेळी मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढलाय, मग तो वर असो की खाली, हे एका पानावर दिसतं. त्या मुलाला वजाबाकीच्या पन्नास गणितांची गरज नसते, दशक सुट्टा करून दाखवणाऱ्या काड्यांच्या गठ्ठ्याची असते. शिवाय सुट्टीत मुलं विसरतात. मोठीही विसरतात. पहिले आठ-दहा दिवस नवा धडा काढूच नका. गोष्टी, गाणी, उजळणी, बाजारातली बेरीज. आमच्या मुख्याध्यापिका याला ‘जमीन भिजवणं’ म्हणत, पेरणी त्यानंतर.

पण सगळी तयारी करूनसुद्धा पहिला दिवस फसतो, आणि याची जगातली सगळ्यात चांगली हकिगत आपल्या गुजरातेतच लिहिली गेली आहे. गिजुभाई बधेका यांचं ‘दिवास्वप्न’. आम्ही चौघींनी ते गुजरातीत वाचलंय. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी या सुट्टीच्या उरलेल्या दिवसांत जरूर वाचा, लहानसंच आहे. त्यातले मास्तर चौथीचा वर्ग साहेबांकडून वर्षभराच्या प्रयोगासाठी मागून घेतात. रात्र जागून आखणी करतात. पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने शांततेचा खेळ सुरू करतात आणि मुलं असा काही गोंधळ घालतात की मास्तरांना वर्ग लवकर सोडून द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी ते आखणी बाजूला ठेवतात आणि गोष्ट सांगायला लागतात. मग तीच मुलं जागची हलत नाहीत. स्वतः बालमंदिर चालवणाऱ्या माणसाने आपल्या नायकाचा पहिला दिवस असा फसवला, याचं आम्हाला नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत फार बळ वाटायचं.

हे गिजुभाई भावनगरचे, आणि त्यांच्या कामात खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या त्या आपल्या ताराबाई मोडक. राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाचं प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला. पुढे १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला बालवाडी काढली, अनुताई वाघ येऊन मिळाल्या, आणि नंतर कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मराठी बाई गुजरातीत शिकली, गुजराती माणसाबरोबर राबली आणि ते सगळं मराठी मुलांसाठी परत घेऊन आली. आपल्यासारख्या दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्यांना याहून जवळचा दाखला कुठला द्यायचा? हा दाखला मात्र मराठीतला.

या शहरात बसून शाळेबद्दल बोलायचं आणि श्रीमंत सयाजीरावांचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. १८९३ साली अमरेली तालुक्यात त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. तेव्हा मूल शाळेत यावं म्हणून राजाचा हुकूम होता. आज मराठी वर्गात मूल यावं म्हणून कोणाचाही हुकूम नाही. गुजराती पहिली ते आठवी सगळ्या शाळांत सक्तीची आहे, २०२३ च्या कायद्याने, आणि ती असावीच. या भूमीवर राहायचं तर इथली भाषा नीट यायला हवी. इंग्रजीची ओढ कोणाला सांगायला नको. या दोन्हींच्या मधे मराठी उरते ती केवळ खुषीची. आमच्या सुरुवातीच्या वर्षांत पहिलीच्या दोन तुकड्या असायच्या आणि बाकावर तिघं तिघं बसायचे. शेवटी शेवटी आम्ही पटावरची नावं बोटांवर मोजायला लागलो. ज्या वर्गात पन्नास मुलं आहेत तिथे एक गप्प बसलं तरी वर्ग चालतो. जिथे बारा आहेत तिथे एकाने दाखला नेला की वरून प्रश्न येतो, हा वर्ग चालवायचा का? म्हणून जूनचा पहिला आठवडा मराठी शिक्षकाला इतरांपेक्षा जड आहे. पालकाने मन घट्ट करून आणलेलं मूल त्या आठवड्यात एक तर राहतं, नाहीतर मनातून उठून जातं.

रविवारी मंडळात जो मराठी वर्ग भरतो तिथल्या ताई-दादांना हे आणखीच लागू आहे. तुमच्याकडे आठवड्यातले दोन तास, तेही मुलाच्या खेळाच्या वेळातले. तुम्ही बाराखडीपासून सुरुवात करता असं ऐकलं. करा, पण पहिल्या चार रविवारी नको. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आठवीतल्या मुलीला क-का-कि-की गिरवायला लावलं की तिला वाटतं आपण पुन्हा बालवाडीत आलो. तिच्याकडून आजीच्या थालीपीठाची कृती लिहून आणा म्हणावं, हवी तर इंग्रजी अक्षरांत. मग ती वर्गात मोठ्याने वाचायची आणि बाकीच्यांनी देवनागरीत उतरवायची. आम्ही गेल्या वर्षी हे दोनदा करून बघितलं. भाजणीत काय काय असतं यावर तिघा आज्यांचे फोन आले, आणि तिन्ही याद्या वेगळ्या.

पालकांना दोनच गोष्टी. मुलाचं नाव मराठीत कसं लिहायचं ते पहिल्या दिवशी चिठ्ठीवर लिहून पाठवा. आधार कार्डावरच्या इंग्रजीवरून आम्ही लिहितो आणि मग कौमुदीची कोमुडी होते, तीच शेवटपर्यंत चिकटते. आणि मूल घरी मराठी बोलताना चुकलं, तर त्याची ती चूक पाहुण्यांना कौतुकाने सांगू नका. तुम्हाला ती गोड वाटते. ते पडद्यामागे उभं राहून ऐकत असतं.

तो मुलगा आता नोकरीला लागला असेल. रस्त्यात भेटला तर आम्ही त्याला ओळखणार नाही. या मंडळाच्या गणपतीला कधी आला असेल, तर हे सभागृह भरून चाललेल्या मराठीत गप्पच उभा राहिला असेल. त्याला कोणी ओळखत असेल तर त्याच्याशी आम्हाला बोलायचं आहे. गुजरातीतसुद्धा चालेल.

आता कामाचं. शाळा उघडायला दोन आठवडे आहेत. पहिल्या दहा दिवसांसाठी प्रत्येक शिक्षकाला निदान पंधरा गोष्टी तोंडपाठ हव्यात, वाचून दाखवायच्या नव्हेत, सांगायच्या. आमच्याकडे चौघींच्या मिळून चाळीसेक जमल्या आहेत. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता इथेच, खालच्या खोलीत, त्या सांगायला आम्ही बसणार आहोत. ज्या आजी-आजोबांकडे गोष्टी आहेत त्यांनीही यावं. पाठ नसेल तर अर्धी आठवत असली तरी चालेल, उरलेली मिळून जुळवू. ज्यांना घरभाषेच्या वहीचा नमुना हवा असेल त्यांनी जाताना आमच्याकडून घ्यावा, पंचवीस प्रती काढून आणल्या आहेत. आणि येताना ज्यांनी टेबलावरच्या कागदावर नाव लिहिलेलं नाही त्यांनी लिहून जावं. मराठीत. शिरोरेघेसकट.